निकेलचे पाणी, नंजनगूडचे कडे

निकेलचे द्रावण हिरवे असते, एवढे म्हटल्याने त्या हिरव्याविषयी काहीच सांगून होत नाही. तो पानाचा हिरवा नव्हे, शेवाळाचाही नव्हे. बांगड्यांच्या दुकानात दिवा लागला की मागच्या रांगेतला एखादा काचेचा चुडा आतून उजळतो, तसा काहीसा तो आहे. टाकीवर वाकले की गालांना ऊब लागते. वास जवळजवळ नसतोच. जो असतो तो नाकापेक्षा जिभेच्या मुळाशी अधिक कळतो, किंचित तुरट, कच्च्या सुपारीसारखा. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अशाच एका टाकीशी सुरू होणाऱ्या सकाळींची होती. म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीच्या थांब्यावर बसमधून उतरायचे, नव्या घरांसाठी रस्त्यावर ओतलेल्या वाळूच्या ढिगांना वळसा घालायचा, प्रयोगशाळेत शिरून पांढरा झगा चढवायचा, आणि रात्रीतून वाफ होऊन उडालेल्या पाण्याइतके शुद्ध पाणी टाकीच्या कडेकडेने हळूच सोडायचे. नवे पाणी जुन्या हिरव्यात मिसळताना क्षणभर त्यात रेघा हलतात, उन्हात तापलेल्या डांबरावर हवा हलते तशा. मग त्या विरतात आणि टाकी पुन्हा एकसंध होते.

आमचे काम थोडक्यात असे होते. सिलिकॉनची गोल, आरशासारखी तबकडी असते. तिला सगळे वेफर म्हणतात. तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि त्या थरावर एक साचा, ज्यात केसाहून अरुंद चर कोरलेले असतात. वीज चालू करून असा वेफर टाकीत उतरवला की समोरच्या जाळीत ठेवलेल्या निकेलच्या गोळ्या झिजू लागतात. त्यांचे निकेल पाण्यात उतरते, पाण्यातून पलीकडे जाते आणि वेफरवरच्या चरांमध्ये तळापासून वर चढत येते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पंपाची घरघर तेवढी चालू असते. कित्येक तासांनी वेफर बाहेर काढून साचा धुऊन टाकला की निकेलची बारीक चाके, स्प्रिंगा, जाळ्या उभ्या राहिलेल्या असतात. निकेलचा रंग चांदीचा नव्हे. चांदी थंड दिसते. निकेलच्या पांढऱ्यात दुधावर साय धरताना येते तशी पिवळसर झाक असते. ही झाक मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगली ओळखता येते, असा माझा समज होता.

वेफर टाकीत उतरवण्यापूर्वी वीज चालू असावी लागते. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने वेफर, आणि दोहोंच्या मध्ये एक अगदी लहान थांबा. माझ्या वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली तेव्हा ओळ कुठे मोडायची, श्वास कुठे घ्यायचा, हे त्यांनी शब्दांच्याही आधी शिकवले होते. तो थांबा मी तिथूनच उचलला होता.

पण या सगळ्याच्या आधीचे काम हाताचे होते. वेफर ज्या चौकटीत बसवतात तिला प्लॅस्टिकच्या बारीक स्क्रूंची कडा असते. ते सारखे घट्ट झाले नाहीत तर रबराची कडी एका बाजूला उचलली जाते, द्रावण वेफरच्या पाठीकडे पाझरते आणि निकेल नको तिथे चढते. प्लॅस्टिकचे आटे मऊ असतात. स्क्रू जरा तिरका गेला की आटा कायमचा बिघडतो. म्हणून आधी तो उलटा फिरवायचा. फिरवताना एका जागी तो किंचित खाली बसतो, कारण त्याचा आटा भोकातल्या आट्याला तिथे भेटलेला असतो. तिथून पुढे सुलटा. ते बसणे इतके लहान असते की हातमोज्यातून कळत नाही. चौकट प्रत्येक वेळी धुतलेली, वाळवलेली असे, तेव्हा मी हातमोजे काढून उघड्या बोटांनी स्क्रू लावायची. कोणी मला असे करायला सांगितले नव्हते, आणि करू नको असेही कोणी म्हटले नव्हते.

खाज प्रथम बोटांच्या पेरांवर आली. मग मोहरीएवढे पाण्याचे फोड, मग ते सुकून कातडी भेगाळली. मी थंडीवर ढकलले. आमच्या अम्माने ते वांग्यावर ढकलले.

आमचे घराणे पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे. कुठल्याशा पूर्वजाने इथल्या फौजेत घोडा बाळगला होता, एवढेच आता शिल्लक आहे. घोडा गेला, भाषा अर्धी उरली. आईला आम्ही अम्माच म्हणतो, आणि अम्मा मराठी बोलता बोलता कानडीत कधी उतरते हे तिचे तिलाही कळत नाही. तिच्या शब्दकोशात ‘नंजु’ नावाचा एक शब्द आहे. कानडीत नंजु म्हणजे विष, पण आमच्या घरात जखम चिघळणे, अंग खाजणे, फोड येणे, सगळे नंजु; आणि ते वाढवणारे पदार्थही नंजुच. त्यांत पहिले नाव वांग्याचे.

“वांगं खाल्लंस, अल्वा?” माझी बोटे दिव्याखाली धरून ती म्हणाली. अल्वा म्हणजे कानडीतले ‘हो ना’.

“नाही खाल्लं, अम्मा.”

“डब्यात कोणी तरी वाढलं असणार. तुझ्या कामावरची ती सांगलीची पोर भरली वांगी आणते म्हणालीस की नाही?”

“एकदा आणली होती. दसऱ्याच्या आधी.”

“मग! नंजु कुठे लगेच वर येतो? बसतो आत दबा धरून. तुला सांगून काय उपयोग. शिकलेल्या बायकांना वांगी कळत नाहीत.”

त्या दिवसापासून घरात वांगे बंद झाले. अम्माला ते फार आवडते. तरी तिने माझ्याबरोबर सोडले. बोटे मात्र तशीच राहिली. तेव्हा तिने दुसरा उपाय काढला. वांग्याने जे सुटत नाही ते नंजनगूडला सुटते.

नंजनगूड इथून फार दूर नाही. तिथला देव विष पचवलेला देव आहे, आणि अम्माचे म्हणणे सरळ होते: “अख्खं हालाहल प्यायला तो. तुझी खाज त्याला जड जाणार आहे?” एका सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही आगगाडीने गेलो. डब्यात कारखान्यांत पाळीवर निघालेली माणसे झोपेत डुलत होती. देऊळ फार मोठे आहे. आतल्या दगडाला दमट गारवा आणि कापराचा जुना वास. दर्शन झाल्यावर अम्माने मला मागच्या बाजूला कपिला नदीच्या पायऱ्यांवर नेले. आमच्या घरची रीत अशी की कातडीचे काही झाले तर नदीत गुळाचा खडा सोडायचा. तो विरघळेल तसे अंगावरचे विरघळते. मी शेवटच्या पायरीवर बसून खडा पाण्यात धरला. पाणी संथ होते. खड्याच्या कडा आधी मऊ झाल्या, मग त्यांतून तपकिरी धूर निघावा तशी एक रेघ निघून प्रवाहाबरोबर लांबत गेली. घन वस्तूचे कडेने पाणी होत जाणे रोज टाकीत घडत होते, पण तिथे ते गोळ्यांच्या जाळीवर चढवलेल्या कापडी पिशवीआड असे. मी ते प्रथमच उघडे पाहत होते.

“काय बघत बसलीस? सोड की,” अम्मा म्हणाली. “देवाला काय एकच गिऱ्हाईक आहे?”

मी खडा सोडला.

परतताना देवळाबाहेरच्या दुकानांच्या ओळीत तिने एक कडे घेतले. साधे, गोल, त्यावर नागाची फणा कोरलेली. ते पुन्हा आत नेऊन देवाच्या पायांना लावून आणले आणि माझ्या उजव्या मनगटात चढवले. “चांदी अंगाला थंड,” ती म्हणाली. “आणि ही नुसती चांदी नाही, त्याच्या पायाची. काढायचं नाही हां. आंघोळीला पण नाही.”

मी ते काढले नाही. कड्याच्या पांढऱ्यात पिवळसर झाक आहे असे मला आगगाडीतच दिसले होते. पण संध्याकाळचे ऊन खिडकीतून तिरके येत होते, आणि त्या उन्हात सगळेच तसे दिसते.

महिन्याभरात हात अधिक बिघडला. पेरांवरचे होतेच, आता मनगटाभोवती लाल कडी उठली. झग्याची बाही तिच्यावर घासली की आग व्हायची. आमच्या प्रमुखांनी एका सकाळी माझा हात पाहिला आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही, असे शांतपणे सांगितले.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर छोट्या छोट्या गोल कप्प्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक कप्प्यात एकेक पदार्थ. दोन दिवस पाठ कोरडी ठेवायची होती. पट्ट्या काढल्या तेव्हा मला अर्थातच काही दिसले नाही. त्यांनी फोनवर छायाचित्र काढून दाखवले. गोलांच्या ओळींत बाकीची कातडी माझी होती, आणि एक गोल पेटलेला.

“यात काय होतं?” मी विचारले.

“निकेलचा क्षार. तुम्ही काम काय करता?”

मी सांगितले. त्या किंचित हसल्या. वाईट हसू नव्हते ते. कोडे फार सोपे निघाल्यावर येते तसे होते. मग त्यांनी स्पष्टपणे सांगितले की कातडीने एकदा निकेलला ओळखले की ती ओळख आयुष्यभर राहते, औषधाने ती पुसत नाही. “निकेल तुमच्या हाताला नेमकं कुठे लागतंय ते शोधा. तो स्पर्श थांबवून हात बरा झाला, तर टाकी ठेवा. नाही झाला, तर टाकी सोडा. मधला रस्ता नाही.”

घरी येताना बसमध्ये मी हे वाक्य पुन्हा पुन्हा आतल्या आत म्हणून पाहिले. प्रयोगशाळेत मला दुसरे काम मिळाले असते. नोकरी जाणार नव्हती. जाणार होते ते एवढेच: ती गालांवरची ऊब, तो तुरट वास, आणि वेफर हिरव्यात उतरतानाचा तो थांबा. कोणाला सांगायला गेले तर यात फारसे काही नव्हते. माझ्याकडे मात्र त्यापेक्षा अधिक माझे असे दुसरे काम नव्हते.

शोध घेण्याचे काम सांगलीच्या सहकारी मुलीने अंगावर घेतले. ती आमच्याकडे येऊन वर्ष झाले होते. टाकीचे काम माझ्याकडूनच शिकत होती. तिची मराठी महाराष्ट्रातली, स्वच्छ, आणि माझ्या मराठीची तिला मोठी गंमत. “ताई, तुम्ही लिहिता पोथीसारखं आणि बोलता बसस्टँडसारखं,” ती म्हणायची. ‘अल्वा’ आणि ‘उगीच’ या अर्थाचा ‘सुम्ने’ हे शब्द तिने माझ्याकडून उचलले होते आणि ते ती हमखास चुकीच्या जागी वापरायची.

प्रयोगशाळेत एक रसायन असते, ज्याला निकेल भेटले की ते गुलाबी होते. त्यात कापसाचा बोळा भिजवायचा, वस्तूवर घासायचा आणि पाहायचे. एका सकाळी टाकीचा पंप बंद करून ती बोळ्यांची वाटी घेऊन निघाली आणि मी तिच्या मागे. दाराची मूठ: बोळा पांढराच. खुर्चीचा हात: पांढरा. पंपाचे बटण: गुलाबी असल्याचा नुसता भास.

“गुन्हेगार फार हुशार आहे, ताई.”

“गुन्हेगार टाकीत आहे. आपण त्याचे पाय शोधतो आहोत.”

“बघा, पुन्हा पोथी.”

मग तिने वाळवून ठेवलेली चौकट घेतली. धुतलेली, स्वच्छ. स्क्रूंवर बोळा फिरवला. तो हलका, पण निःसंशय गुलाबी झाला, ओठ चावल्यावर येतो तेवढा. आम्ही दोघींनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. मला स्वतःचीच बोटे त्या स्क्रूंवर दिसत होती. पण पेरांचे ठीक, मनगटाचे काय? स्क्रू मनगटाला लागत नाहीत.

“आता तुम्हीच राहिलात,” ती म्हणाली. “करा हात पुढे.”

तिने माझ्या घड्याळावर बोळा घासला, चष्म्याच्या दांडीवर, किल्ल्यांवर. मग हसत हसत, नुसते उरले म्हणून, कड्यावर. बोळा तिच्या चिमटीतच रंगला. बारशाला आणतात त्या साडीच्या काठाचा गडद राणी रंग. तिने दुसरा बोळा घेतला, कड्याच्या आतल्या बाजूवर घासला. तोही तसाच.

“ताई!” ती म्हणाली. “देव निघाला की निकेलचा!”

आणि लगेच तिने जीभ चावली.

“देव नाही,” मी म्हणाले. “कडं.”

मी ते मनगटातून काढून उजेडात धरले. पूजेच्या सामानाच्या दुकानांत चांदीसारखी दिसणारी पांढरी तबके मिळतात, त्याच धातूचे ते होते. तांबे, जस्त आणि निकेल. चांदी त्यात नावालाही नव्हती. आता मला ती पिवळसर झाक दिसत होती, आणि ती आगगाडीतल्या उन्हाची नव्हती. दिवसभर जो रंग मी सूक्ष्मदर्शकाखाली शोधत असे तो माझ्या हातावर बसून होता आणि मी त्याला चांदी म्हणत होते, कारण माझ्या आईने तसे म्हटले होते.

सहकारी मुलीला मात्र आनंद झाला होता. “म्हणजे टाकी निर्दोष! कडं काढलं की हात बरा. मग टाकी तुमचीच. सुम्ने.”

“इथे सुम्ने लागत नाही.”

“लागतंय. माझ्या सुम्नेला काही व्याकरण नाही.”

मलाही, त्या दिवसापुरते, तसेच वाटले.

संध्याकाळी अम्मा सार उकळत होती. तिने माझे मनगट माझ्या चेहऱ्याआधी पाहिले.

“कडं कुठे गेलं?”

खोटे सांगण्याचा विचार मनात येऊन गेला. पण मला तिच्यासमोर नीट खोटे बोलता येत नाही; माझी मराठी अशा वेळी फारच शुद्ध होते आणि तिला कळते. मी पिशवीतून कडे काढले आणि बरोबर आणलेला तो रंगलेला बोळाही. सांगितले की हे औषध निकेलला भेटले की गुलाबी होते, डॉक्टरांनी ज्याची बाधा सांगितली तेच निकेल या कड्यात आहे, म्हणून मनगटावर उठले.

तिने गॅस बारीक केला. बोळा हातात घेऊन वास घेतला.

“मग बरोबरच आहे,” ती म्हणाली.

“काय बरोबर?”

“तुझ्यातला नंजु ओढून घेतला त्यानं. घेतला म्हणून तर त्यात सापडला.”

“अम्मा, ते आधीपासूनच त्यात होतं. दुकानात होतं तेव्हापासून.”

“तू दुकानात तपासलं होतंस?”

मी तपासले नव्हते. प्रयोगशाळेत कोणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला चांगला प्रश्न म्हटले असते.

“घातल्यावर वाढलं, अम्मा. कमी नाही झालं.”

“विष बाहेर निघताना वाढल्यासारखंच दिसतं. काट्याचं विसरलीस? काढताना जास्त दुखतं.” एवढे बोलून तिने कडे साडीच्या पदराला पुसले आणि स्वतःच्या मनगटात, हिरव्या बांगड्यांच्या मागे, सरकवले. “तुला सोसत नाही तर माझ्याकडे राहू दे. मला काय होतंय!”

“तुलाही होईल.”

“आयतु, बरं मग, झालं तर वांगं सोडीन. ते तर सोडलेलंच आहे.”

तिला काही झाले नाही. कढईवर झाकण ठेवताना ते कडे स्टीलला लागून किणकिणते. माझ्या मनगटात असताना ते कधी वाजले नव्हते. हातमोज्याच्या कडेखाली दबलेले असायचे.

मनगट पंधरवड्यात निवळले. लाली गेली, सालपटे गेली, खाली नवी गुलाबीसर कातडी आली. अम्माच्या दृष्टीने नंजनगूड सिद्ध झाले आणि सहकारी मुलीच्या दृष्टीने तो बोळा. मी दोघींशीही वाद घातला नाही. कारण माझे लक्ष पेरांवर होते, आणि पेरे बरी होत नव्हती.

डॉक्टरांचे वाक्य आता स्क्रूंवर येऊन ठेपले होते. मी उघड्या बोटांनी काम करणे बंद केले. एकावर एक दोन हातमोजे चढवले. उलटा फिरवायचा, आणि ते बसणे कळायची वाट पाहायची. कळायचे नाही. रबराच्या दोन थरांआड माझी बोटे बहिरी झाल्यासारखी होती. मी अंदाजाने सुलटा फिरवायची, आणि एखादा स्क्रू तिरका जायचा. एक वेफर पाठीकडून पाझरला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या मागे निकेलचा पापुद्रा धरलेला होता, तापवलेल्या दुधाच्या कडेला जमतो तसा. पुढच्याही वेफरचे तेच झाले. प्रमुखांनी मोठ्या डोक्याचे स्क्रू करवून घेतले. त्यांनी थोडा फरक पडला, पुरेसा नाही. इकडे हातमोज्यांच्या आतल्या घामाने पेरांवरच्या भेगा अधिकच खोल गेल्या. डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीत हात उलटापालटा करून पाहिला. मीच म्हणाले, “सोडते.” त्यांनी मान हलवली.

टाकी सोपवण्याचा कुठलाही विधी नसतो. मी सहकारी मुलीला सगळे पुन्हा एकदा सांगितले: पाणी कडेने सोडणे, गोळ्यांची पिशवी कधी बदलायची, हिरवा जरा गढूळला तर काय पाहायचे. थांब्याविषयी सांगितले. ती म्हणाली, “तो मी घेतलाय, ताई, केव्हाच. तुम्ही तोंडानं काहीतरी म्हणता त्या वेळी. ओठ हलतात तुमचे.” हे मला माहीत नव्हते.

स्क्रूंविषयी मला सांगता येईना. जे माझ्या बोटांना माहीत होते त्याला शब्द नव्हते, आणि ती पहिल्या दिवसापासून हातमोजे घालूनच काम करीत आलेली. तिचा पहिला स्वतंत्र वेफर पाझरेल असे मी धरून चालले होते. मला आता पलीकडच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाचे काम दिले होते, तिथे वेफर सुकून, डबीत बंद होऊन येतात. त्या संध्याकाळी तिने डबी आणून ठेवली. मी उचलायला हात पुढे केला.

“अंहं,” तिने डबी मागे ओढली. “आधी हातमोजे.”

मी ते चढवले आणि वेफर भिंगाखाली सरकवला. चर काठोकाठ भरलेले, कडा धारदार, कुठे बुडबुड्याचा खड्डा नाही. वेफर उलटा केला. पाठ स्वच्छ होती, आरशासारखी. तीत माझा मास्क दिसत होता.

“हातमोज्यातून कळलं कसं तुला?”

“काय?”

“स्क्रू बसतो ते.”

“कळत नाही,” ती म्हणाली. “ऐकू येतं. पंप चालू करायच्या आधी लावते ना मी. उलटा फिरवला की टक् करतो. तुम्हाला नव्हता येत?”

मला आठवेना. बोटांना इतके आधी कळायचे की कानांपर्यंत काही पोहोचतच नसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती चौकट मांडत असताना, मी टाकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. पंप अजून बंद होता. हिरवे पाणी स्थिर होते, आणि दारापर्यंत त्याची ऊब येत नव्हती. ती पाठमोरी वाकलेली; मला पाहिले नव्हते. तिने पहिला स्क्रू उलटा फिरवायला घेतला. मी श्वास धरला, ओळीच्या मध्यावर धरतात तसा.

टक्.

मग ती दुसऱ्याकडे वळली.